मुस्तफा, काचेची नळी आणि सपाट पडदा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गच्चीवरच्या खोलीतला टीव्ही गेला. अगदी बंद पडला असे नव्हे. बटण दाबले की आतून तो ओळखीचा 'टक्' आवाज येई, काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहत. पण चित्र उमटायला पाच-सात मिनिटे लागत. उमटले तरी ते तांबूस, मळकट आणि उजेडाच्या जागी चंदेरी डाग पडलेले असे. एकवीस इंची, पाठीला कुबड असलेला, उचलायला दोन माणसे लागणारा हा टीव्ही आम्ही बातम्यांसाठी किंवा मालिकांसाठी ठेवलेला नव्हता. प्लायवूड आणि सनमायकाच्या एका उभ्या पेटीत तो बसवलेला होता. पेटीला दोन दांडे, बारा बटणे आणि आत एक जुना सर्किट बोर्ड. आमच्या पिढीला 'व्हिडिओ गेम पार्लर' या नावाने माहीत असलेल्या जागेचा एक तुकडा मी दहा वर्षांपूर्वी घरी आणून ठेवला होता. रविवारी सकाळी सोसायटीतली पाच-सहा मुले वर येत आणि त्यांच्याहून अधिक उत्साहाने त्यांचे बाप येत.

मेकॅनिककाकांना बोलावले. काकांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. एके काळी पेठांतल्या निम्म्या घरांचे टीव्ही त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी मागचे झाकण उघडले, नळीच्या मानेवरच्या सर्किटवर मीटर धरला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "साहेब, सेट ठणठणीत आहे. ट्यूब वीक झाली. आता हिला काही करता येत नाही."

मुलगा शेजारी उभाच होता. तो म्हणाला, "बाबा, आता एलसीडी बसव की! चित्र स्वच्छ दिसेल, वजन कमी, वीजही कमी. तुझ्या त्या जुन्या गेम्सना काय कळतंय समोर काय आहे ते!"

प्रश्न साधा होता. काचेची नळी की सपाट पडदा? पण त्याचे उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे पाहिले, मोजले आणि जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते. पुण्यात पाण्याचा, वाहतुकीचा, टेकड्यांचा प्रश्न असताना रविवारी सकाळी व्हिडिओ गेमच्या टीव्हीवर लेख कसला, असे काहींना वाटेल. त्यांची आधीच क्षमा मागतो. मात्र एखादी वस्तू जुनी झाली की तिच्याबरोबर नेमके काय जाते आणि काय राहते, हा प्रश्न फक्त टीव्हीपुरता नाही. म्हणून थोडा धीर धरावा.

माझी पिढी नळीसमोरच मोठी झाली. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले ते १९७३ मध्ये. १९८२ च्या एशियाडला रंग आले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी टीव्हीला जोडायची 'टीव्ही गेम'ची खोकी घरात शिरली. जपानमधल्या एका प्रसिद्ध यंत्राच्या त्या नकला होत्या, हे आम्हाला फार पुढे कळले. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर ही नावे मात्र शुभंकरोतीइतकी पाठ झाली. घरोघरी वडील मंडळींचे एकच पालुपद असे, "बंद करा तो गेम, पिक्चर ट्यूब खराब होईल!" आम्ही हसत असू. पुढे कळले की ते अगदीच चूक नव्हते. एकच स्थिर आकृती तासन्‌तास दिसत राहिली की नळीच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर तिचा ठसा कायमचा उमटतो. पॅकमॅनच्या जुन्या यंत्रांत टीव्ही बंद असतानाही त्या चक्रव्यूहाच्या भिंती काचेवर भुतासारख्या दिसतात. वडिलांचे पुष्कळदा असेच होते. कारण ठाऊक नसे, निष्कर्ष बरोबर असे.

पण खरे वेड लावले ते पार्लरने. टिळक रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, गाळ्याला जाडजूड पडदा लावलेले ते पार्लर होते. आत बिडीचा वास, घामाचा वास आणि सहा पेट्या. एक रुपयाला एक टोकन. कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ चा. आपल्याकडे त्याच्या अस्सल बोर्डांपेक्षा चोरून केलेल्या नकलाच अधिक फिरत, आणि त्यांत खेळाडू हवेतल्या हवेत आगीचे गोळे फेकत. १९९३ मध्ये त्याच कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला. हे नाव भारतातल्या कोणत्याही पार्लरमध्ये कोणी उच्चारले असेल असे मला वाटत नाही. त्यातल्या चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा आम्हा सगळ्यांचा लाडका, म्हणून तो गेमच 'मुस्तफा' झाला. "मुस्तफा खेळायला येतोस का?" असे विचारले की एवढ्यावर भागत असे.

त्या पेट्या इथेच बनत. सुताराने प्लायवूड जोडायचे, आत कुठल्यातरी देशी कंपनीचा वीस-एकवीस इंची टीव्ही बसवायचा, आणि एखाद्या मेकॅनिकने ट्यूनरला वळसा घालून लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या तारा थेट त्याच्या सर्किटमध्ये घालायच्या. हे मेकॅनिक इंजिनिअर नव्हते. पण जपानमध्ये १९८५ पासून रूढ झालेल्या छप्पन्न पिनांच्या जोडणीचा नकाशा त्यांना तोंडपाठ असे. आमचे काका त्यांच्यापैकीच एक. "ज्या गाळ्यात तुम्ही शाळा बुडवून जायचात ना, तिथली दोन मशीनं माझ्या हातची," असे त्यांनी मला चाळीस वर्षांचा झाल्यावर सांगितले. आधी सांगितले असते तर आमच्या तीर्थरूपांच्या कानावर गेले असते, हेही त्यांनी पुढे जोडले.

असो. आठवणींवर निर्णय घेऊ नये, एवढे शहाणपण या वयात आले आहे. म्हणून मुलाला म्हटले, आपण दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहू. शेजाऱ्यांकडून एक चालू स्थितीतला नळीचा टीव्ही चार दिवसांच्या बोलीवर आणला. घरातला सपाट टीव्ही होताच. दोन्हींवर तेच गेम, तेच दांडे.

पहिली गोष्ट आकाराची. 'स्ट्रीट फायटर टू' आणि 'मुस्तफा' यांचे चित्र ३८४ आडव्या आणि २२४ उभ्या ठिपक्यांचे आहे. हे ठिपके चौरस धरून मांडले तर चित्र बरेच रुंद होते. पण काढणाऱ्यांनी ते चार-तीन प्रमाणाच्या पडद्यासाठी काढले होते. नळीवर ते दोन्ही बाजूंनी आवळले जाई आणि मगच माणसे माणसांसारखी दिसत. आजच्या सोळा-नऊच्या पडद्यावर ते ताणून भरले की सगळे पैलवान एक तृतीयांशाने रुंद होतात. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पाहताक्षणी विचारले, "हा मुस्तफा एवढा सुटला कधी?" हा दोष पडद्याचा नाही, लावणाऱ्याचा आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या की तो जातो. पण किती घरांत लोक त्या पट्ट्या सोडतात? पडदा विकत घेतला आहे तर तो पूर्ण भरलाच पाहिजे, हा आपला हिशेब.

दुसरी गोष्ट ओळींची. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये या नळीचे पहिले रूप तयार केले. तिचे तत्त्व शेवटपर्यंत बदलले नाही. मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी ओढत जातो. पार्लरच्या यंत्रांत तो सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी ओढी, म्हणजे एका चित्राला साधारण २६२ आणि सेकंदाला साठ चित्रे. त्या ओळींच्या मधे बारीक काळ्या फटी राहत. ठिपक्याला धारदार कोपरे नसत. तो थोडा झिरपे, शेजाऱ्यात मिसळे. त्या काळचे चित्रकार हे ओळखूनच काम करत. दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून ठेवले की टीव्हीवर तिसरा रंग दिसे. १९९१ च्या 'सॉनिक'मधला धबधबा असा उभ्या रेघांनी काढलेला आहे. साध्या टीव्हीवर त्या रेघा एकमेकांत विरघळून पाणी पारदर्शक दिसते, आजच्या स्वच्छ पडद्यावर मात्र निव्वळ गज दिसतात. 'स्वच्छ' म्हणजे 'बरोबर' नव्हे, हा धडा मला वयाच्या पन्नाशीत एका धबधब्याने दिला.

सपाट पडद्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. साध्या पडद्यावर १,०८० ओळी असतात. २२४ ओळींचे चित्र त्यावर भरायचे तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला पावणेपाचांहून थोडे अधिक, म्हणजे काहींना चार तर काहींना पाच ओळी येतात आणि चित्र खडबडीत होते. पण आता दुकानांत सर्रास मिळणाऱ्या २,१६० ओळींच्या पडद्यावर नऊने गुणले की २,०१६ होतात, सगळे नीट बसते. शिवाय प्रत्येक ओळीला नऊ ओळींची जागा मिळाल्यामुळे मधली काळी फट, कडेचा झिरप, फॉस्फरचे तीन रंगांचे दाणे हे सारे प्रोग्रामने काढून दाखवता येते. मुलाने ते लावले. मी दहा फुटांवरून पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला फरक ओळखता आला नाही. जवळ गेल्यावर आला. पण जवळ जाऊन पडद्याची काच बघत कोण खेळतो?

तिसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. नळीला स्मरणशक्ती नाही. तारेतून जे आले ते त्याच क्षणी काचेवर ओढले जाते, आणि लेपाची चकाकी एक-दोन हजारांश सेकंदांत विझून जाते. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठे करतो, स्वतःच्या समजुतीप्रमाणे सुंदर करतो आणि मग दाखवतो. साठ चित्रांच्या हिशेबात एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. असे तीन-चार साठावे भाग उशीर झाला तर बातम्या पाहणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. उडी मारणाऱ्याला पडतो. शिवाय सपाट पडदा प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे धावणारी आकृती डोळ्यांना पुसट दिसते. नळीवर ती धावतानाही ठळक राहते.

याची परीक्षा मी घेतली नाही, ती आपोआप झाली. तळमजल्यावरची अकरा वर्षांची मुलगी मारिओ खेळत होती. सपाट टीव्हीवर ती एकाच खड्ड्यात चार वेळा पडली. नळीच्या टीव्हीवर बसवली तर तो खड्डा पहिल्या फटक्यात ओलांडला. मी विचारले, "काय गं, काय फरक वाटला?" तिला ओळी, ठिपके, फॉस्फर काही ठाऊक नाही. ती म्हणाली, "काका, या टीव्हीला लगेच ऐकू येतं."

याहून नेमके मला सांगता येणार नाही. आपण मोठी माणसे जुन्या टीव्हीच्या रंगांचे, उबेचे, गोलसर काचेचे गोडवे गातो, ते पुष्कळसे आपल्या बालपणाचे गोडवे असतात. त्या मुलीला नळीविषयी कसलीही आठवण नाही. तिला फरक जाणवला तो हाताला. जगभरातल्या काही स्पर्धांत २००१ च्या एका गेमसाठी अजूनही खेळाडू कुबड असलेले जुने टीव्ही मोटारीत घालून आणतात, ते याच कारणासाठी. पार्लरचे गेम हे आधी हातांचे आणि मग डोळ्यांचे खेळ आहेत.

इथे माझ्या बाजूने खटला संपला असता, पण मुलाने सपाट टीव्हीच्या आत कुठेतरी दडलेला 'गेम मोड' शोधून काढला. त्याने सगळी सजावट बंद होते. मुलगी पुन्हा बसली. खड्डा दुसऱ्या प्रयत्नात ओलांडला. तिसऱ्या वेळी पहिल्याच. "आता यालापण ऐकू येतंय," ती म्हणाली. म्हणजे दोष पुन्हा बराचसा लावणाऱ्याचाच होता.

एक मात्र जमले नाही ते बंदुकीचे. १९८४ च्या 'डक हंट'मधली ती बदके मारायची बंदूक आमच्याकडे आहे. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा तुकडा तो चौकोन पाहतो. हे सगळे झोताच्या ठरलेल्या वेळेवर बेतलेले. सपाट पडद्यावर चौकोन उशिरा येतो, बंदुकीला काहीच दिसत नाही आणि बदके हसत उडून जातात. काही गेम नळीशिवाय जगतात, काही जगत नाहीत. १९७९ चा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' तर ओळींनी बनतच नाही; झोत थेट अवकाशयानाची रेघ काढतो. त्या रेघेची धगधगती चमक ठिपक्यांच्या पडद्यावर येत नाही.

तर मग नळीच घ्यावी? इथे प्रश्न खरेदीचा राहत नाही, पुरवठ्याचा होतो.

या नळीशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटत असे. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने मराठवाड्यातून वाढलेल्या उद्योगाच्या ताब्यात आले, याचे तेव्हा केवढे कौतुक झाले होते! दोनच वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, जगात एलसीडी टीव्हींची विक्री पहिल्यांदा नळीच्या टीव्हींपेक्षा अधिक झाली. सोनीने १९६८ पासून चालत आलेली आपली ट्रिनिट्रॉन नळी २००८ मध्ये थांबवली. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला कारणे अनेक, सगळा दोष नळीच्या माथी मारता येणार नाही. पण एवढे खरे की घरगुती टीव्हीची रंगीत नळी बनवणारा धंदा आज उरलेला नाही. जेवढ्या नळ्या आहेत तेवढ्याच आहेत आणि त्यांतली प्रत्येक चालू नळी रोज थोडी थोडी विझते आहे.

आमच्या काकांशी बोलताना मला तंबोऱ्याची आठवण झाली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हाही अशीच चर्चा झाली होती. आज पुण्यात गाणे शिकणाऱ्या घरांत रियाजाला बहुधा तीच पेटी किंवा मोबाइल असतो. सोय आहे, सूर उतरत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. पण सवाई गंधर्वच्या मंचावर गवयाच्या मागे दोन खरे तंबोरे हवेतच. आणि मंचावर ते हवेत, म्हणूनच मिरजेला जवारी काढणारा कारागीर टिकला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरात पेटी, मंचावर तंबोरा, अशी समाजाने न बोलता वाटणी केली आणि ती शहाणपणाची ठरली.

ही उपमा मी काकांना ऐकवली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साहेब, तंबोऱ्याचा भोपळा दर वर्षी शेतात उगवतो. ट्यूब कुठे उगवते?"

या एका वाक्याने माझे मत फिरले. तोवर मी असे ठरवत आलो होतो की मिळेल तिथून, मिळेल त्या किमतीला एक चांगली नळी मिळवावी आणि गच्चीवर बसवून निवांत खेळावे. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चकरा मारायलाही लागलो होतो. चारपाच वर्षांपूर्वी जे टीव्ही भंगारवाला फुकट न्यायलाही कुरकुर करी, त्यांना आता हौशी लोक विचारत येतात, हे विक्रेत्यांना कळलेले आहे. एकाने तर मला चालत नसलेला सेट 'अँटिक' म्हणून दाखवला. हौशी माणसाने एक घेतला, एक सुटे भाग काढायला घेतला, एक 'असू दे' म्हणून घेतला, की माळ्यावर तीन टीव्ही जातात आणि ते कोणीच पाहत नाही. दुसरीकडे ज्यांना कल्पना नाही ते लोक चांगले सेट भंगारात देतात. तिथे मानेवरच्या गुंडाळीतले तांबे काढून घेतात आणि काच फोडून टाकतात. नळीच्या मागच्या शंकूच्या काचेत शिशाचा अंश पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. क्ष-किरण अडवण्यासाठी तो घातलेला असतो. ती काच उकिरड्यावर फुटणे हे कोणाच्याच हिताचे नाही. देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. टाकायचाच असेल तर अधिकृत केंद्रावर द्यावा, एवढे तरी आपण करावे.

म्हणून माझे मत असे बनले आहे. घरी खेळायला सपाट पडदा घ्यावा आणि त्याबद्दल मनात अपराधी भाव ठेवू नये. फक्त तीन पथ्ये पाळावीत. चित्र चार-तीनच्या आकारात ठेवावे, उशीर घालवणारी सोय सुरू करावी आणि जमल्यास ओळींचा भास देणारा प्रोग्राम लावावा. एवढे केले की मुस्तफा सुटत नाही, खड्ड्यात पडत नाही आणि गजांचा धबधबा होतो. ज्यांच्या घरी नळीचा टीव्ही चालू आहे त्यांनी तो जरूर वापरावा, पण नसेल तर शिकार करत फिरू नये.

आणि जी चांगली नळी हाती लागेल ती चार लोकांच्या जागेत जावी. शाळा, वाचनालय, क्लब, संग्रहालय, कुठेही. जिथे ती आठवड्यातून चार तास लावली जाईल आणि पन्नास मुले तिच्यासमोर बसतील. हे उलटे वाटेल. दुर्मिळ वस्तू घरात जपावी आणि सामान्य वस्तू सार्वजनिक जागी ठेवावी, अशी आपली रीत. पण नळी जपून वाढत नाही. माळ्यावर ठेवली तरी कॅपॅसिटर सुकतात, आणि तिला हात लावणारा माणूस तोवर उरत नाही. वापरली तर निदान कोणाला तरी कळते की ती काय होती.

आपल्या शहराला हे नवे नाही. केळकर संग्रहालयात राजेमहाराजांच्या तलवारींपेक्षा लोक रेंगाळतात ते अडकित्त्यांपाशी आणि दिव्यांपाशी. रोजच्या वापरातल्या वस्तूही पाहण्याजोग्या असतात, हे या शहराला त्या एका माणसाच्या ध्यासाने शिकवले. पण अडकित्ता काचेमागे ठेवला तरी समजतो. व्हिडिओ गेम बंद ठेवला तर समजत नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'मेम' नावाच्या प्रकल्पाने जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून हजारो पार्लर गेमचे आतले प्रोग्राम वाचवले आहेत. गेम वाचले. त्यांच्यासमोरची काच आणि ती काच दुरुस्त करणारे हात मात्र कोणत्याही चकतीवर साठवता येत नाहीत.

कारण नळी हाताळणे हे साधे काम नाही. तिच्या आत पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो बराच काळ साठून राहतो. तो आधी कसा उतरवायचा, तीन रंगांचे झोत एका बिंदूत कसे आणायचे, कोपऱ्यातला जांभळा डाग कशाने जातो, हे काकांच्या बोटांत आहे. त्यांनी ते कुठे लिहून ठेवलेले नाही. त्यांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सुखात आहे. तपकीर गल्लीत ज्या दुकानांतून ते 'ईएचटी' ट्रान्सफॉर्मर आणत, तिथे आता एलईडीच्या पट्ट्या आणि कॅमेरे मिळतात. यात कोणाची चूक नाही.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. पेठेत एक वाडा पाडायला निघाला होता, माळ्यावर प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळलेला एक एकवीस इंची टीव्ही निघाला. मालकांनी तो मुलांच्या परीक्षेच्या वर्षी बंद करून वर टाकला होता आणि मग नवा घेतला. काकांनी लावून पाहिला. नळी जवळजवळ कोरी. "साहेब, अशी पुन्हा मिळायची नाही. तुमच्या गच्चीवर बसवून देतो," ते म्हणाले. खरे सांगतो, दोन दिवस मी डळमळलो. लेखात मत मांडणे वेगळे आणि हाती आलेली कोरी नळी सोडणे वेगळे.

ती आता आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयाच्या बालविभागात आहे. पेटी माझीच दिली. शनिवारी दोन तास आणि रविवारी दोन तास ती सुरू असते. काका दर महिन्याला येतात आणि येताना एक अट घालतात. झाकण उघडताना पॉलिटेक्निकची दोन मुले शेजारी उभी असली पाहिजेत आणि ती जे विचारतील ते सगळे सांगायला त्यांना वेळ दिला पाहिजे. मुले पहिल्यांदा वहीत लिहून घेत होती. मागच्या खेपेला काकांनी स्क्रू-ड्रायव्हर एकाच्या हातात दिला, त्याला एक हात खिशात घालायला लावला आणि नळीतला साठलेला दाब त्याच्याकडून उतरवून घेतला.

गच्चीवर माझ्याकडे आता सपाट पडदा आहे. काळ्या पट्ट्या सोडलेला, गेम मोडवर, ओळींचा प्रोग्राम लावलेला. चांगला आहे. बदके तेवढी मरत नाहीत. ती मारायची असली की मी वाचनालयात जातो आणि मुलांच्या रांगेत उभा राहतो.